हिशेबाबाहेरचा जीव

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाची उंदराशी पहिली ओळख हिशेबाच्या वहीतून होते. आमच्या पिंपरी पेंढारच्या भुसार दुकानात भाऊ, म्हणजे माझे वडील, ठरावीक दिवशी माल मोजत आणि जी तूट निघे तिच्यापुढे कारण लिहीत: ओल, सांडलवंड किंवा उंदीर. तिसरे कारण बहुधा सर्वांत मोठे असे. बाजरीची पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचायची. कुरतडलेल्या बारदानाला दाभणाने आणि सुतळीने टाके घालायचे. रात्री लावलेल्या पिंजऱ्यात उंदीर सापडला तर तो सकाळी गावाबाहेर ओढ्यापलीकडे सोडून यायचा, ही कामे आम्हा मुलांची. मारायचा नाही, हा घरचा नियम होता. मात्र त्याच्याविषयी कोणाच्या मनात ममता होती, असे म्हणता येणार नाही. सोडलेला उंदीर आपल्या आधी दुकानात पोचतो, असे भाऊ हसून म्हणत.

पुढे एम.कॉम. करून मी बँकेत लागलो, तर तेथेही उंदराने पाठ सोडली नाही. मालतारण कर्ज दिले की गोदामात जाऊन थप्प्या मोजाव्या लागत. वजन कमी भरले की ‘उंदरांमुळे घट’ हा शेरा ठरलेला. अशा रीतीने वयाची साठ वर्षे उंदीर हा माझ्या लेखी वजावटीचा एक आकडा होता. निवृत्तीनंतर मी त्याच प्राण्याच्या सहवासात सुखाने संध्याकाळी घालवू लागलो, आणि त्या सुखाविषयी आपल्या समाजबांधवांशी बोलावे, असे मनापासून वाटते.

आमच्याकडे दोन उंदीर आले ते पुण्याच्या नातीमुळे. तिच्या मैत्रिणीचे कुटुंब परदेशी निघाले होते आणि त्यांच्या घरी वाढलेल्या दोन माद्यांना घर हवे होते. नातीने त्या मागून घेतल्या खऱ्या, पण सदनिकेत आई-वडिलांनी त्यांना थारा दिला नाही. तेव्हा दिवाळीच्या सुटीत ती त्यांना घेऊन थेट आमच्याकडे आली. एक पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. दुसरीचे डोके काळे, पाठीवर काळा पट्टा आणि बाकी अंग पांढरे. किराणा-भुसाराच्या घरात शोभावी अशीच नावे तिने ठेवली होती: पांढरी ती खसखस आणि काळी ती मोहरी.

गाडीतून पिंजरा उतरताना शेजाऱ्यांनी पाहिला आणि विचारपूस सुरू झाली. आमच्या जुन्नर तालुक्यात पिंजरा म्हटला की तो वनखात्याचा आणि बिबट्यासाठीच असतो. इतका लहान पिंजरा कशासाठी, हे सांगितल्यावर एकाने विचारले, “शेटजी, दुकानातले कमी पडले का?” माझी आई, जिला आम्ही सारे बाई म्हणतो, तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. तिने पिंजऱ्याकडे एकदा पाहिले आणि एवढेच म्हणाली, “स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत नको.” पिंजरा पडवीत ठेवला गेला.

तिची नाराजी अकारण नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात जी प्लेगची साथ आली, तिच्या आठवणी तिच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या होत्या. घरात उंदीर पटापट मरू लागले की गाव सोडून रानात झोपड्या बांधायच्या, हे तेव्हाचे शहाणपण होते. प्लेगचा जंतू उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत पोचतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. आजही पावसाळ्यात रानटी उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोस्पायरोसिस होतो. तेव्हा उंदराची भीती ही केवळ अंधश्रद्धा नव्हे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला पाळीव उंदीर आणि गटारातून आलेला उंदीर यांच्यात तितकाच फरक आहे, जितका घरच्या कुत्र्यात आणि रानातल्या कोल्ह्यात. तरीही हात लावल्यावर साबणाने धुवावेत, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला.

मराठीत आपण लहानमोठ्या सगळ्यांना सरसकट उंदीर म्हणतो. शेताच्या बांधाला भगदाड पाडणारी ती घूस. भिंतीच्या कडेने चीं-चीं करीत जाणारी, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. ती किडे खाणारी, वेगळ्याच कुळातील आहे. आपल्या घरांच्या आढ्यावरून फिरणारा लांब शेपटीचा काळा उंदीर मूळचा याच भूमीचा. पाळला जातो तो मात्र तपकिरी उंदराचा वंशज. चीन आणि मंगोलियाच्या बाजूने निघून हा जहाजांबरोबर जगभर पसरला. प्रयोगशाळेतील पांढरे उंदीरही त्याच कुळातील.

तो पाळण्याची कल्पना प्रथम कोठे रुजली हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. अठराव्या शतकात जपानमधील ओसाका आणि क्योटोसारख्या व्यापारी शहरांत रंगीबेरंगी उंदीर हौसेने पाळले जात. ते कसे पाळावेत, कोणत्या जोडीपासून कोणत्या रंगाची पिल्ले होतात, हे सांगणारी पुस्तके तेथे १७७५ आणि १७८७ मध्ये छापली गेली. जपानी व्यापाऱ्यांचा धनदेव दाइकोकू तांदळाच्या पोत्यांवर उभा असतो आणि उंदीर हा त्याचा दूत मानला जातो. हा दाइकोकू म्हणजे मुळात आपल्याकडून तिकडे गेलेला महाकाल. ज्या घरात धान्याची रास, त्याच घरात उंदीर. म्हणून उंदीर दिसणे हे सुबत्तेचे लक्षण, असा त्यांचा विचार. तूट तीच, पण त्यांनी ती शुभखात्यात लिहिली!

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा जॅक ब्लॅक याने पकडलेल्यांतील वेगळ्या रंगाचे उंदीर निवडून वाढवले आणि विकले. पुढे मेरी डग्लस या बाईंच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये एल्सबरी येथील प्रदर्शनात पाळीव उंदरांना प्रथम स्थान मिळाले. लहान मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिएट्रिक्स पॉटर यांनी तर १९०८ मधील आपले एक पुस्तक सॅमी नावाच्या स्वतःच्या पाळीव उंदराला अर्पण केले आहे.

आपल्याकडेही उंदराला मान नाही असे नाही. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर ही दोन स्थाने आमच्याच तालुक्यात आहेत, आणि गणपतीसमोरचा मूषक आम्ही लहानपणापासून पाहत आलो. राजस्थानातून आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना बिकानेरजवळच्या देशनोकचे करणीमातेचे मंदिर ठाऊक असेल. तेथे हजारो उंदीर निर्भयपणे वावरतात, त्यांना काबा म्हणतात, आणि पांढरा काबा दिसणे भाग्याचे समजतात. आणि सोमदेवाच्या कथासरित्सागरातील मूषक नावाच्या व्यापाऱ्याची कथा तर प्रत्येक बँक अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. एका गरीब मुलाला सावकार भांडवल म्हणून मेलेला उंदीर देतो. मुलगा रीतसर पावती लिहून तो उचलतो, मांजरासाठी विकून मूठ-दोन मूठ हरभरे मिळवतो, ते भाजून पाण्यासह लाकूडतोड्यांना देतो, त्यांच्याकडून लाकडे घेतो आणि असे वाढत वाढत मोठा शेठ होतो. अखेर सोन्याचा उंदीर करून तो सावकाराचे कर्ज फेडतो. कथा उत्तम आहे. पण माझ्या ध्यानात असे आले की आपल्या कथेत उंदीर भांडवल आहे, देवळात वाहन आहे आणि दुकानात नुकसान आहे. तो स्वतः कसा आहे, हे पाहण्याची पाळी कोणावर आली नाही. ती माझ्यावर आली.

उंदीर दिवसा झोपतो आणि दिवेलागणीला जागा होतो. निवृत्त माणसाला हे वेळापत्रक सोयीचे असते. संध्याकाळी मी पडवीत बसलो की दोघी दाराशी येऊन, गजांना हात लावून उभ्या राहत. दार उघडले की मोहरी थेट माझ्या बाहीत शिरे आणि खांद्यावर चढून कानाशी हुंगत बसे. खसखस मात्र आधी डोके डावी-उजवीकडे हलके डोलवीत राही. तिला काही विकार आहे की काय, अशी मला शंका आली. पुढे समजले की लाल डोळ्यांच्या उंदरांची दृष्टी मंद असते आणि अंतराचा अंदाज घेण्यासाठी ते असे डोलतात. एवढा लहान जीव आपल्यातील उणेपणावर असा उपाय शोधून काढतो, याचे मला कौतुक वाटले.

दोघींची प्रकृती भिन्न होती. मोहरी अट्टल साठेबाज. वाटीतील ज्वारी, वाटाणे, भोपळ्याच्या बिया ती एकेक करून कोपऱ्यातील कपड्याखाली नेऊन ठेवी आणि वरून कागद ओढून घेई. साठा मोजायला मी हात घातला की ती माझे बोट दातांत अलगद धरून बाजूला सारी, चावत नसे. खसखस उधळी. समोर असेल ते खाऊन मोकळी होई आणि मग मोहरीच्या कोठारावर डोळा ठेवी. त्यांची भांडणे पाहताना मला जुन्या बाजारपेठेतील दोन भावांची भागीदारी आठवे. मात्र रात्री त्या एकमेकींच्या मानेवर मान टाकूनच झोपत.

स्वच्छतेबाबत तर त्यांनी घरातील मुलांना लाजवले. काही खाल्ले की आधी पंजे, मग तोंड, मग कानामागे, असा स्नानाचा क्रम कधी चुकत नसे. अंथरायला कागदाच्या पट्ट्या लागत. नातीने माळ्यावरच्या जुन्या चोपड्या फाडण्याचे सुचवले, ते मात्र मी मान्य केले नाही. ज्या वहीचे लक्ष्मीपूजनाला पूजन केले ती उंदराखाली कशी अंथरावी? अखेर जुनी कॅलेंडरे कामी आली. आहाराचा प्रश्नच नव्हता. कांदा-बटाटा आमच्याकडे नाही आणि त्यांनीही तो कधी मागितला नाही. काकडी, वाटाणा, शिजवलेला भात, मोडाची कडधान्ये यांवर त्या खूश. फक्त रात्रिभोजनाचा त्याग त्यांना जमण्यासारखा नव्हता. बाईच्या कानावर ते गेले तेव्हा ती प्रथमच हसली.

त्यांना आनंद झाला की त्या दातावर दात घासून बारीक कुरकुर आवाज करीत आणि त्या वेळी डोळे लकलक हलत. त्यांचे हसू मात्र आपल्याला ऐकू येत नाही. अमेरिकेत याक पँक्सेप आणि जेफ्री बर्गडॉर्फ यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की उंदराला गुदगुल्या केल्या की तो सुमारे ५० किलोहर्ट्‌झ इतक्या उंच स्वरात चिवचिवतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्‌झच्या पुढे ऐकत नाही. गुदगुल्या करणारा हात पुन्हा यावा म्हणून उंदीर त्याच्या मागे धावतात. हे वाचल्यावर मी मोहरीच्या पोटाला बोटांनी गुदगुल्या केल्या. ती उलटीसुलटी झाली, पळाली आणि परत येऊन माझ्या हाताला धडका देऊ लागली. पडवीत आमची खसखस पिकली आणि त्यांचीही पिकली असणार. फक्त त्यांची आम्हाला ऐकू आली नाही.

याहून अधिक विचार करायला लावणारा प्रयोग शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. एका उंदराला नळीत कोंडले होते. बाहेरच्या त्याच्या सोबत्याला ते पाहवेना. दार कसे उघडते हे तो प्रयत्नाने शिकला आणि त्याने आतल्याला सोडवले. शेजारी चॉकलेटचे तुकडे ठेवलेली दुसरी नळी असतानाही अनेक उंदरांनी दोन्ही दारे उघडली आणि तो खाऊ सोबत्याबरोबर वाटून घेतला. अनुकंपा हा शब्द आपण प्रवचनात ऐकतो. ती उंदराच्या अंगीही असते, हे मात्र मला नवीन होते.

आता एका गंभीर प्रश्नाकडे वळतो. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील पहिलाच बंध, म्हणजे जीवाला बांधून किंवा कोंडून ठेवणे. मग पिंजऱ्यात उंदीर पाळणे कसे बसते? एका साधर्मिक मित्राने मला हे स्पष्टच विचारले आणि त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला जे उत्तर दिले ते असे. या दोघी जन्मलेल्या होत्या आणि निराधार झाल्या होत्या. रानात सोडल्या असत्या तर मांजर, घुबड किंवा साप यांच्यापुढे त्या एक रात्रही टिकल्या नसत्या. ती सुटका नव्हे. म्हणून त्यांना आसरा देणे योग्य. पण आपल्या हौसेसाठी दुकानातून नवे उंदीर विकत घेणे किंवा पिल्ले वाढवणे मला पटत नाही. उंदराची गर्भावस्था अवघी २१ ते २३ दिवसांची. नर-मादी एकत्र ठेवले तर चक्रवाढ व्याजालाही मागे टाकतील! पिंजरा प्रशस्त आणि दोन मजली हवा, आणि रोज दोन-तीन तास दार उघडे हवे. पाचवा अतिचारही विसरून चालत नाही. लग्नकार्याला दोन दिवस गावाला जायचे तर त्यांच्या अन्नपाण्याची सोय आधी लागते. आम्ही दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांनी घर पाहणारा माणूस ठेवल्याशिवाय गाव सोडले नाही.

आणि या आनंदाची किंमत काय, तर आयुष्याची अल्पता. पाळीव उंदीर दोन ते तीन वर्षे जगतो. वयाच्या दोन वर्षांनंतर खसखसच्या काखेपाशी गाठ आली. मादी उंदरांमध्ये अशा गाठी पुष्कळ आढळतात. पुण्याला पशुवैद्यांकडे नेले. या वयात शस्त्रक्रियेत भूल सोसेलच असे नाही, असे ते म्हणाले. दुखणे वाढले तर इंजेक्शन देऊन शांतपणे शेवट करता येईल, हेही त्यांनी सौम्य शब्दांत सुचवले.

घरी यावर बरीच चर्चा झाली. मुलगा म्हणाला, ज्याला बरे करता येत नाही त्याला तडफडत ठेवण्यात कोणती दया? मला १९२८ मधील साबरमती आश्रमाची हकीकत आठवली. असाध्य वेदनेत असलेल्या वासराला गांधीजींनी डॉक्टरांकडून शांत मरण देवविले आणि त्यावर मोठे वादळ उठले. अहमदाबादच्या जैन समाजातून तीव्र नाराजी व्यक्त झाली. दोन्ही बाजूंना अहिंसेचीच चाड होती, म्हणून तो वाद आजही मिटलेला नाही. आमच्या पांजरपोळांची परंपरा मात्र सांगते की आयुष्य पूर्ण होईपर्यंत सेवा करावी. आम्ही तो मार्ग धरला, पण एक अट घालून: वेदना कमी करण्यात कसूर करायची नाही. पशुवैद्यांनी वेदनाशामक औषध दिले. ते थेंब मोजून रोज दोन वेळा देणे, चढावे लागू नये म्हणून पिंजऱ्याचा वरचा मजला काढणे, भात मऊ करून बोटावरून भरवणे, असे दिवस सुरू झाले. औषधाने तिला आराम पडत असे. तो पडला नसता तर आम्ही काय केले असते, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्या दिवसांत मोहरीने स्वतःच्या कोठारातील दाणे आणून खसखसच्या तोंडाशी ठेवल्याचे मी दोनदा पाहिले. कदाचित तो तिचा साठा हलवण्याचा नेहमीचा उद्योगही असेल. मी बँकेतला माणूस. पुराव्याशिवाय शेरा मारत नाही. पाहिले तेवढे लिहिले.

शेवटच्या संध्याकाळी खसखसचा श्वास मंदावला. नातीला फोनवरून कळवले. बाई सामायिक आटोपून पडवीत आली, खुर्ची पिंजऱ्याजवळ ओढून घेतली आणि नवकार म्हणू लागली. मरणोन्मुख श्वानाच्या कानी णमोकार घालणाऱ्या जीवंधरकुमाराची कथा आम्ही तिच्याकडूनच ऐकली होती. रात्री नऊच्या सुमारास खसखस गेली. बाईने पदराने डोळे टिपले नाहीत की काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “आता ही दुसरी एकटी पडली. हिला आत घ्या.” त्या रात्रीपासून पिंजरा उंबऱ्याच्या आत, स्वयंपाकघराच्या भिंतीशी आला.

मोहरी त्यानंतर चार महिने जगली. एकटा उंदीर खंगतो, म्हणून घरातील कोणी ना कोणी तिच्याजवळ बसे. दुपारी बहुतेक वेळा बाईच.

दुकान आता पुतण्या पाहतो. तेथे उंदीर चिकटवणारे गोंदाचे फळे विक्रीला होते आणि वापरातही होते. त्यावर चिकटलेला उंदीर तासन्‌तास, कधी दिवसभर, भुकेने आणि भीतीने मरतो. विष घातले तरी यातना चुकत नाहीत. पुतण्याला मी काही उपदेश केला नाही. मोहरी हयात असताना एकदा त्याच्या तळहातावर ठेवली, एवढेच. त्या दिवाळीच्या साफसफाईत ते फळे दुकानातून गेले. भिंतींची बिळे सिमेंटने बुजवली, दाराखाली पत्रा ठोकला, सुटा माल पत्र्याच्या कोठ्यांत गेला. तरी थोडी तूट येतेच. ती तो वहीत लिहितो.

ज्यांच्या घरी मुले अशा प्राण्यासाठी हट्ट धरतात, त्यांना माझे सांगणे इतकेच. विकत आणण्याआधी कोणाला नकोसे झालेले उंदीर आहेत का, याची चौकशी करा. एक ठेवू नका. दोन ठेवा आणि दोन्ही माद्या किंवा दोन्ही नर ठेवा. देवदाराचा किंवा चीडाचा भुसा अंथरू नका, त्याने त्यांच्या श्वासाला त्रास होतो. कागद किंवा कापड पुरते. नाकाडोळ्यांभोवती लालसर स्राव दिसला तर ते रक्त समजून घाबरू नका, पण पशुवैद्यांना दाखवा. आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की हा पाहुणा दोन-अडीच वर्षांचा आहे. मुले ते समजून घेतात. आमची नात अजून सुटीत आली की पडवीत जाऊन बसते, आणि दुकानात एखादा दाणा जमिनीवर पडला तर तो उचलू देत नाही.